पुणे ते घुमान, भर उन्हाळ्यात, आत्यासोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी मे अखेरीस मी आणि माझी आत्या, दोघीच, पुण्याहून पंजाबातल्या घुमानला गाडीने जाऊन आलो. आत्या तेव्हा ७१ वर्षांची, मी ४३. अजूनही लग्नात, भिशीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये तेच तेच प्रश्न येतात, आणि मी प्रत्येकाला थोडं वेगळं उत्तर देते असं आत्याचं म्हणणं आहे. म्हणून एकदाच लिहून टाकते. आत्याने वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. ती तिच्याच शब्दांत ठेवली आहे.

मे महिन्यातच का? वेड लागलं होतं का?

मी शाळेत शिकवते. सलग तीन आठवडे मोकळे मिळतात ते तेव्हाच. पण दुसरंही एक कारण आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या आगेमागे धुकं असं पडतं की पुढच्या ट्रकचे दिवे दिसत नाहीत, आणि एकामागोमाग गाड्या आदळल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. ऊन निदान वेळेवर येतं आणि वेळेवर जातं, त्याच्याभोवती दिवस आखता येतो.

घुमानच का?

नामदेवांमुळे. पंढरपूरची नामदेव पायरी आपण सगळे ओलांडतो. तेच नामदेव उत्तरेत गेले आणि परंपरेनुसार जवळजवळ वीस वर्षं गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावी राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं, तेव्हाचं वर्तमानपत्राचं कात्रण आत्याच्या डायरीत अजून आहे.

आणि आतोबा. ते फौजेत होते. आत्याचा संसार तीन वर्षं जालंधर छावणीत होता. घुमान तिथून दोन तासांवर. ‘येत्या रविवारी जाऊ’ करता करता बदली आली. आतोबा गेले, तो रविवार राहिला. आत्या याबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

मग झेलमने का नाही गेलात? थेट गाडी आहे की!

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न. झेलम एक्स्प्रेस पुण्याहून जम्मूतवीला जाते, फौजी लोकांची हक्काची गाडी. आत्या होल्डॉल, सुरई आणि दोन पोरं घेऊन तिने कितीदा गेली-आली याची गणती नाही. ग्वाल्हेर तिने अनेकदा पाहिलं होतं, म्हणजे ग्वाल्हेरचा फलाट. आग्रा म्हणजे पेठ्याची टोपली घेऊन खिडकीशी धावणारा पोरगा. पानिपत म्हणजे अंधारातून सरकलेली पिवळी पाटी. तिला या सगळ्या ठिकाणी उतरायचं होतं. त्यामुळे निघतानाच ठरलं, आत्या ‘थांब’ म्हणाली की थांबायचं, कारण विचारायचं नाही. हा नियम मी दोनदाच मोडला, आणि दोन्ही वेळा पुढच्या पन्नास किलोमीटरला गाडीत शांतता होती.

(आत्या: तीनदा मोडला. गुन्याच्या अलीकडे कलिंगडांचा ढीग होता तो विसरलीस.)

किती किलोमीटर, किती दिवस, मुक्काम कुठे?

जाताना वाकडी वाट धरून दोन हजारांच्या आसपास, येऊन-जाऊन ४,१००. जायला दहा दिवस, सगळे मिळून सतरा.

पहाटे चारला निघालो ते चाकण जागं व्हायच्या आत पार करायला. नाशिकवरून जुना मुंबई-आग्रा रस्ता धरला आणि पहिली रात्र धुळ्यात काढली. मग शिरपूर, सातपुड्यातला बिजासन घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदेचा पूल, आणि धामणोदहून आत वळून महेश्वर. तिथे दोन रात्री. पुढे इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा, पानिपत, जालंधर अशी एकेक रात्र. दहाव्या दिवशी सकाळी घुमान. सर्वांत लांबचा टप्पा इंदूर ते शिवपुरी, ३९० किलोमीटरच्या आसपास. त्या दिवशी आत्याचे पाय सुजले, तेव्हा माझ्या मते सत्तरीच्या माणसासोबत ३०० हीच मर्यादा धरावी.

दिल्लीत शिरलोच नाही. मथुरेवरून पलवलला येऊन पूर्वेकडचा द्रुतगती मार्ग घेतला आणि कुंडलीला बाहेर पडलो. १३५ किलोमीटर, सिग्नल नाही. सावलीही नाही.

उन्हाचं काय केलंत?

इथे जरा बसून वाचा.

सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्रात जातो. तिकडे त्या नऊ दिवसांना नौतपा म्हणतात, आणि आम्ही नेमके त्याच दिवसांत ग्वाल्हेर-आग्र्याच्या पट्ट्यात होतो. हवामान खातं मैदानी भागात पारा ४५ ला टेकला की उष्णतेची लाट म्हणतं. तिकडे ४५ झालं म्हणून कोणी चहाची टपरी बंद करत नाही, पण दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

आमचं घड्याळ असं होतं: साडेतीनला उठायचं, सव्वाचारला चाक हलायचं, साडेसातला नाश्ता, अकराच्या आत खोलीत. खोल्या बाराला मिळतात, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून सांगायचं, ‘सोबत वयस्कर बाई आहेत, अकराला पोचतोय.’ एक अपवाद सोडला तर कोणी नाही म्हटलं नाही. एक ते चार झोप. संध्याकाळी साडेपाचनंतरच गाव बघायला बाहेर. ड्रायव्हिंग म्हणून पाहिलं तर दिवसाला पाच-सहा तासच होतात. गुगल मॅप्स दाखवतं ते तास विसरा, ते आत्या नसलेल्या माणसाचे असतात.

पाणी तहान लागण्याआधी. आत्या ‘सारखं जावं लागतं’ म्हणून पाणी टाळायची, म्हणून मी दर वीस किलोमीटरला स्वतः दोन घोट घेऊन बाटली तिच्या हातात द्यायचे. मीठ-साखरेचं पाणी: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कैरीच्या पन्ह्याचा घट्ट गर घरून बाटलीत नेला होता, तो इंदूरपर्यंत पुरला. पुढे रस्त्यावर बेलाचं सरबत आणि ताक मिळत राहिलं. बर्फ मात्र कुठेच घेतला नाही.

शिवपुरीला गाडी अर्धा तास उन्हात राहिली. आत्याने बसताना सीटबेल्टचं धातूचं टोक धरलं आणि हात असा झटकला की बांगडी काचेवर वाजली. बोटांवर लाल चट्टा. तेव्हापासून गाडी उभी केली की दोन्ही बक्कलांवर ओला पंचा टाकायचा आणि परत बसताना चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवायची.

अंग चटका बसेल असं तापलं आणि माणूस भलतंच बोलायला लागला किंवा गुंगायला लागला, तर तो उष्माघात समजा. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. आमच्यावर ती वेळ आली नाही. कांदा मात्र आत्याच्या पर्समध्ये शेवटपर्यंत होता. कांद्याने काही होतं असं मला वाटत नाही, पण सुनावण्याइतकी हिंमतही नव्हती.

गाडीची तयारी काय केली होती?

साधी पेट्रोल गाडी, सात वर्षं जुनी. टायर बदलले, कूलंट आणि बॅटरी तपासली. टायरची हवा सकाळी गार असतानाच बघायची. तापल्यावर ती वाढलेली दिसते, म्हणून काढून टाकली तर रात्री टायर बसका होतो. इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका.

निघण्याआधी सर्व्हिसिंगवाल्यांनी एसीसमोर ‘ओके’ची खूण केली होती. बियावराच्या पुढे एसी रुसला. गाडी पळत असताना गार, टोलनाक्यावर थांबली की गरम. एका धाब्याशेजारी ट्रकांची वायरिंग करणारा पोरगा होता, विशी-बाविशीतला. त्याने बॉनेट उघडलं, एसी लावला, आणि कानाने ऐकलं. हात लावलाच नाही. म्हणाला, ‘आगे वाला पंखा नहीं बोल रहा.’ कंडेन्सरचा पंखा बंद होता. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो म्हणून चालतं, उभ्या गाडीला मिळत नाही. फ्यूज जळला होता. त्याने डब्यातून दुसरा काढून बसवला आणि वर दोन जास्तीचे दिले. पैसे घेईना. आत्याने त्याला दशम्या बांधून दिल्या, त्या घेतल्या. तुमच्या गाडीतही फ्यूजचा संच ठेवा, मूठभर जागा लागते.

टोल आणि कागदपत्रं?

फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. टॅग चालला नाही तर जास्त पैसे जातात. आम्ही गेलो तेव्हा खासगी गाड्यांचा वार्षिक पास नव्हता. तो १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, यमुना एक्स्प्रेसवेसारख्या राज्यांच्या रस्त्यांवर नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असलं की पुरतं. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांचे, खास करून दहा वर्षांवरच्या डिझेलचे, नियम बदलत राहतात. निघायच्या आठवड्यात बघून घ्या. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, बाकी कशालाही ११२.

खर्च किती आला?

ऐंशी हजारांच्या आसपास, दोघींचा. पेट्रोल २४० लिटर लागलं. मध्य प्रदेशात आणि मधल्या धोलपूरच्या राजस्थानी तुकड्यात पेट्रोल महाग, उत्तर प्रदेशात शिरलं की चांगलंच उतरतं. तेव्हा टाकी आग्र्याला भरा.

खायचं काय नेलं? बाहेरचं बाधलं नाही का?

दशम्या. दुधात भिजवलेल्या, त्यामुळे तिसऱ्या दिवशीही मऊ. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, तिखट-मिठाच्या पुऱ्या. कांदा घातलेले धपाटे पहिल्याच दिवशी संपवा, उन्हात दुसऱ्या सकाळी आंबूस वास मारतो.

पुढे जिथलं तिथे. इंदूरला पोह्यांवर जिरावन मसाला आणि शेव, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस. सराफांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर खाऊगल्ली भरते, म्हणजे आमच्या झोपेच्या वेळेला. त्या एका रात्री घड्याळ मोडलं. मुरथलचे पराठे दिल्लीच्या पुढे, तंदूरमधले, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. आत्याने अर्धा खाल्ला आणि लोणी बोटाने बाजूला काढून म्हणाली, ‘एवढ्यात आपलं आठ दिवस भागतं.’ मग तेही खाल्लं. दुपारी चिरलेली फळं, कोशिंबीर आणि पनीर टाळलं. पोट दोघींचंही शाबूत राहिलं.

दोघी बायकाच? भीती नाही वाटली?

अंधार पडल्यावर गाडी चालवली नाही आणि खोली गावात घेतली, सुनसान बायपासवर नाही. बाकी केस पांढरे असलेली बाई शेजारी बसली की लोक फार नीट वागतात. पहाटेचा अंधार हाच काय तो धोक्याचा. पंजाबात गहू निघालेला असतो, भुशाने दोन्ही बाजूंना फुगलेल्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चाललेल्या असतात. तिथे तर आम्ही उजाडल्यावरच निघायचो.

स्वच्छतागृहांचं सांगते, कारण हा प्रश्न बायका बाजूला घेऊन विचारतात. मोठे पेट्रोलपंप बरे. बायकांच्या बाजूला कुलूप असतं, किल्ली पैसे घेणाऱ्याकडे असते, मागायला लाजू नका. पेट्रोल भरलंच पाहिजे असं नाही. आत्यासाठी वेस्टर्न कमोड लागतो, तो पंपापेक्षा मोठ्या धाब्यांवर सापडतो. साबणाचा कागद, मग आणि टॉर्च जवळ ठेवा. हो, मग. टमरेल म्हणा.

आत्याच्या गोळ्या, बीपी वगैरे?

निघण्याआधी डॉक्टरांना ‘मे महिना, उत्तर भारत’ असं स्पष्ट सांगा. आत्याच्या बीपीच्या गोळ्यांमध्ये एक लघवी वाढवणारी होती, उन्हात पाणी कमी पडू नये म्हणून डॉक्टरांनी ती बदलून दिली. हे आपल्या मनाने करायचं नाही. औषधं गाडीत सोडायची नाहीत, खोलीत न्यायची. इन्सुलिन असेल तर बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालणं, पाय लटकवून बसून राहणं वाईट.

भांडलात का?

एसीवरून रोज. तिला २७, मला २३. शेवटी तिच्या बाजूची झडप बंद आणि गुडघ्यावर शाल. बाहेर ४४, आत शाल.

वाटेत काय बघावं?

महेश्वरला घाईत जाऊ नका. अहिल्याबाईंचा वाडा बघून आत्या म्हणाली, ‘आपल्या वाईच्या वाड्याएवढाच की.’ तिथून माळव्याचा कारभार चालायचा. किल्ल्यात मागांचा खटखटाट चालू असतो. साडीच्या काठाची नक्षी त्याच किल्ल्याच्या दगडातून उचललेली, नावंही तशीच: चटाई, ईंट, हिरा. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्या दगडाची ऊब सोडत असतात, तिथे बसायचं.

रावेरखेडी हे वाकडं वळण. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० ला, ऐन वैशाखात, इथे नर्मदेकाठी तापाने गेले. आम्ही सकाळी नऊला पोचलो तेव्हाच दगडाला हात लाववत नव्हता. आयुष्यभर घोड्यावर काढलेल्या माणसाची समाधी इतकी शांत जागी आहे की वाऱ्याचाच काय तो आवाज.

ग्वाल्हेरचा किल्ला उरवाई दरवाजाने गाडीने चढता येतो, गुडघ्यांना सोईचं. खाली तानसेनाची कबर. जवळच्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो म्हणतात. आत्याने दोन पानं चावली आणि चंबळ ओलांडून धोलपूरपर्यंत गात राहिली. मी काही म्हटलं नाही. ताजमहाल उजाडताच बघावा, शुक्रवारी बंद असतो. आत्याला ताजपेक्षा आग्रा किल्ल्यासमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा जास्त भावला, फोटोही तिथलेच जास्त आहेत.

पानिपतला काला आंब, म्हणजे लढाईचं स्मारक. विटांचा एक खांब, भोवती लोखंडी कुंपण, बाग. १४ जानेवारी १७६१. आपल्याकडे परीक्षेपासून लग्नापर्यंत कशाचंही पानिपत होतं, आणि तिथे ते नुसतं घोंगड्या-सतरंज्यांचं गाव आहे, माणसं रिक्षा चालवतात, आंबे विकतात. हरियाणातला रोड समाज स्वतःला मराठ्यांचा वंशज मानतो. खोलीच्या मालकाने आम्ही पुण्याच्या म्हटल्यावर खुर्ची ओढून बसत हेच सांगितलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. आत्याने ४३ अंशांत दोन ब्लँकेटं विकत घेतली.

(आत्या: स्वस्त होती. आणि डिसेंबरात एक तूच मागून नेलंस.)

घुमानला पोचल्यावर काय?

शेतांमधून जाणारा रस्ता, मग गुरुद्वारा. डोकं झाकायचं, चपला सोडायच्या, पाय धुऊन आत. संगमरवर तापतो म्हणून वाटेवर तागाच्या पट्ट्या टाकून त्यावर पाणी मारलेलं होतं. आत्या त्या ओल्या पट्टीवर एक मिनिट नुसतीच उभी राहिली. एका सेवादाराने विचारलं, ‘माताजी, कित्थों आये हो?’ आत्या म्हणाली, ‘पंढरपूर.’ खरं तर कोथरूड, पण त्याला पंढरपूर कळलं. त्याने तिला हाताला धरून आत नेलं.

कडा प्रसाद ओंजळीत घेऊन आत्या माझ्या कानाशी म्हणाली, ‘हा तर कणकेचा शिरा.’ तोच आहे: कणीक, तूप, साखर. लंगरमध्ये पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची, एका हाताने नाही, आणि ताटात टाकायचं नाही. दुपारची झोप त्या दिवशी झाली नाही. आत्या भिंतीला टेकून बसून राहिली, तासभर तरी. मी तिला उठवलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. मुक्काम मग अमृतसरला केला, तिथून सवा-दीड तास.

भाषेचं कसं भागलं?

हिंदीवर. पण पंजाबात आत्या मोकळी सुटली. तिचं म्हणणं, हिंदीवाले ‘पानी’ म्हणतात, पंजाबी माणूस आपल्यासारखा ‘पाणी’ म्हणतो, णसकट. ळसुद्धा आहे त्यांच्याकडे. चाळीस वर्षांपूर्वीची भाजीवाल्याशी घासाघीस करायची पंजाबी तिने जालंधरच्या बाजारात बाहेर काढली आणि भेंडीचा भाव पाडला. भेंडी आम्हाला नको होती.

छबील म्हणजे काय? फोटोत गुलाबी पेले दिसतात.

गुरू अर्जुनदेवांच्या शहीदी दिनाच्या आगेमागे, ऐन उन्हात, पंजाबात लोक रस्त्यावर उभे राहून गाड्या थांबवतात आणि गोड, गार, गुलाबी दूधपाणी पाजतात. पैसे नाहीत. ‘बर्फ घ्यायचा नाही’ हा माझा नियम तिथे बुडाला.

परत येताना?

सहा दिवस, तोच रस्ता. आत्या बराच वेळ झोपली होती.

आत्या पुन्हा येईल का?

तिलाच विचारा. एक ते चार फोन करू नका.